जांभळ्याचा सिग्नल पडला

मी एक जुना जीवाणू आहे. मित्रांनो, नाव ऐकताच नाक मुरडू नका आणि हात धुवायलाही पळू नका. मी आजवर कुणाला साधी शिंकसुद्धा आणलेली नाही. बडोद्यातल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. तिथल्या मोठ्या फ्रीझरच्या खालून दुसऱ्या खणात, करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळीत माझा मुक्काम आहे. बाहेर मे महिन्यात माणसे घामाने निथळत असतात, तेव्हा मी उणे ऐंशी अंशांत गोठून पडलेला असतो.

'मी' म्हणतो खरा, पण त्या नळीत आम्ही कोट्यवधी आहोत. सगळे एकाच्याच पोटचे, तंतोतंत एकसारखे, म्हणून 'आम्ही' म्हणायचा खटाटोप मी सोडून दिला आहे. आणि माणसांचे बोलणे तुला कसे कळले, असेही विचारू नका. फाटक्या छत्र्यांना आणि मोडक्या खुर्च्यांना आत्मवृत्त सांगताना जी सूट मिळते, तीच मी घेतो आहे.

आजच सांगायची घाई का, तर येत्या सोमवारी हा फ्रीझर रिकामा व्हायचा आहे. नवा येतो आहे आणि तो लहान आहे. ज्या नळीवरचे नाव वाचता येईल ती नव्या घरी जाईल. ज्या नळीवरचे वाचता येणार नाही ती वाफेच्या भट्टीत जाईल. माझ्या नळीवरची शाई केव्हाच पुसली गेली. माझी नळी ज्या डबीत आहे त्या डबीवर एक चिठ्ठी आहे, पण चिठ्ठीवर बोटभर बर्फ चढला आहे. त्या चिठ्ठीत काय लिहिले आहे आणि ती कुणी लिहिली, ते मला सोमवारच्या आत कुणाला तरी सांगायचे आहे.

माझे पूर्वज तळ्यांच्या काठी, ओल्या मातीत राहत असत. त्यांचा रंग जांभळा होता. पिकल्या जांभळाने जीभ रंगते ना, अगदी तसा. पण गंमत अशी की त्यांच्यातला एकटादुकटा कधी जांभळा होत नसे. आम्ही जीवाणू बोलतो, मित्रांनो. आम्हाला तोंड नाही, म्हणून प्रत्येक जण एक बारीकसा रासायनिक कण बाहेर सोडतो. मी त्याला हाक म्हणतो, प्रयोगशाळेतली माणसे सिग्नल म्हणतात. एकट्याची हाक पाण्यात विरून जाते. पण पुष्कळ जण जमले की हाकांची दाटी होते आणि सगळ्यांना एकदम कळते, की आता आपण पुरेसे झालो. मग सगळे मिळून एकच काम करतात. आमच्या कुळात ते काम म्हणजे रंगणे.

दुसऱ्या काही कुळांत मात्र ते काम फार वाईट असते. जखमेत शिरणारे जीवाणू आधी गुपचूप बसतात. शहाणा चोर एकटा दरोडा घालत नाही, तसे तेही थांबतात. संख्या पुरेशी झाली, हाक दाटली, की सगळे मिळून विष सोडतात आणि स्वतःभोवती चिकट तटबंदी उभी करतात. एकदा ती तटबंदी झाली की मोठमोठी औषधे बाहेरच डोके आपटत बसतात. आमच्या प्रयोगशाळेत असा एक होता. जखमेत हिरवट पू करणारा म्हणून त्याला सगळे हिरवा म्हणत. तो माझ्याच खणात, दोन डब्या सोडून राहत असे. त्याच्याशी माझे कधी पटले नाही.

आता माझ्या जन्माची गोष्ट. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत कुणा हुशार माणसांनी माझ्या पूर्वजाला धरले आणि त्याच्या बोलण्याच्या जनुकात पाचर ठोकली. त्यातून मी झालो. मला हाक ऐकू येते, पण देता येत नाही. मी मुका आहे, बहिरा नाही. कितीही कोटींनी जमलो तरी आमच्यात सगळी शांतता, म्हणून मी आपला दुधासारखा पांढरा राहतो. दुसऱ्या कुणी हाक दिली, तरच जांभळा होतो.

असे का केले, म्हणाल तर मला साक्षीदार बनवायचे होते. कुठे हाक आहे आणि कुठे नाही, हे माणसांना दिसत नाही. मी रंगलो की हाक आहे, मी पांढरा राहिलो की नाही. इतका सरळ साक्षीदार कोर्टातही मिळायचा नाही.

मला बडोद्याला आणले कांचन मॅडमनी. त्या नागरवाड्यात राहत, शिस्तीच्या होत्या आणि चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत असत. पार्सल उघडून त्यांनी मला तारेच्या वेटोळ्यावर घेतले आणि एका बशीत पसरले. त्या बशीला सगळे प्लेट म्हणतात. तिच्यात घरी चायना ग्रासची जेली करतात तसा थर असतो आणि तेच आमचे अन्न. मग मॅडमनी त्यात तयार हाकेचे चार थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडले तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा जांभळा झालो होतो. ते कसे वाटले हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारली आणि आपण ओ दिली, एवढेच सांगतो. हार्दिक नावाचा एक विद्यार्थी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, आ तो एकदम जांबुडियो!" तेव्हापासून माझे नाव जांबुडियो, म्हणजे जांभळा, पडले.

पण मला रंगवण्यासाठी आणलेच नव्हते, हे लवकरच कळले. मॅडमना हवी होती हाक अडवणारी वस्तू. त्या सगळ्या प्लेटभर मला पसरत, हाक मिसळत आणि मधोमध कागदाची एक टिकली ठेवत. टिकलीत कधी लसणाचा अर्क असे, कधी डाळिंबाच्या सालीचा, कधी कुठल्या झाडपाल्याचा. अर्कात दम असेल तर टिकलीच्या भोवती माझ्यापर्यंत हाक पोहोचत नसे. तेवढ्यापुरता मी पांढरा राही आणि बाकीचा जांभळा होई. त्या पांढऱ्या कड्यासाठी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. कडे जितके रुंद, तितकी माझी वाहवा जास्त. म्हणजे माझा रंग गेला की त्यांना आनंद आणि मला रंग आला की त्यांचे तोंड पडे. मी कुणाला दोष देत नाही, मित्रांनो. काम चांगले होते. जीवाणूंना मारायला गेले की त्यातले जे वाचतात ते जास्त निबर होतात. त्यापेक्षा त्यांची हाकच अडवली, तर ते जिवंत राहूनही विष सोडणार नाहीत, तट बांधणार नाहीत आणि शरीराचे स्वतःचे शिपाई त्यांचा समाचार घेतील. मॅडम म्हणत, "चोराला मारू नका, त्याची शिट्टी काढून घ्या." हे मला पटत होते. पण पटले म्हणून हौस मरत नाही.

अशी पाच-सहा वर्षे गेली आणि मग मृदुला आली.

मृदुला बडोद्यातल्याच हरणी भागात एका सोसायटीत आई कमलाताई आणि वडिलांबरोबर राहत होती. तिचे वडील जनार्दनराव मूळचे भुसावळकडचे. तरुणपणी रेल्वेच्या सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून इकडे आले. डभोईच्या छोट्या लाईनवर हाताचे जुने सिग्नल सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि पुढे बडोद्यालाच निवृत्त झाले. त्यांना मधुमेह होता. नवी चप्पल चावली आणि उजव्या पायाच्या करंगळीला जखम झाली. ती त्यांनी महिनाभर मोज्यात लपवली. मग औषध सुरू झाले, बरे वाटले, त्यांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा रिपोर्ट आला त्यात हिरव्याचे नाव होते आणि बहुतेक औषधांना तो दाद देत नाही असे लिहिले होते.

मृदुला हातमोजे घालून काम करी, म्हणून घरचा फोन टेबलावर ठेवून मोठ्याने चालू करी. त्यामुळे तिच्या घरातले सगळे प्रयोगशाळेला पाठ झाले होते.

"बाबा, ड्रेसिंग झालं?"

"झालं. कमला म्हणते वास येतोय. तिला सगळ्याचाच वास येतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच. दोन बोटं काढू म्हणतात."

"मग काढून घ्या ने बाबा. किती दिवस थांबणार?"

"तुझं औषध होऊ दे की. घरचीच पोरगी औषध शोधतेय आणि मी बोटं कापून घेऊ? लोक हसतील."

"ते औषध नाहीये हो. प्लेटमधली टिकली आहे ती. माणसाला द्यायला अजून दहा-पंधरा वर्षं लागतील."

"टिकली तर टिकली. आण घरी, लावू पायाला."

मागून कमलाताईंचा आवाज येई, "तू तरी समजाव ग त्यांना. माझं तर कोणी सांभळतच नाही!" सांभळणे म्हणजे ऐकणे आणि ने म्हणजे ना. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द असे घरच्यासारखे वावरतात.

मृदुला ज्या वस्तूवर काम करत होती तीही घरातूनच आली होती. ती लहान असताना तिच्या आईने बाळगुटीसाठी आणलेले बाळहिरडे एका डब्यात उरले होते. इथल्या बाजारात त्यांना हिमज म्हणतात. त्याचा अर्क तिने टिकलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून ती ओरडलीच. टिकलीभोवती रुपयाएवढे कडे पडले होते. हार्दिकने टाळी दिली. मला मात्र बोलता येत असते तर मी सांगितले असते, की बाई, घात झाला आहे.

कांचन मॅडम आल्या. त्यांनी खणातून जुने गुजराती वर्तमानपत्र काढले आणि प्लेट त्यावर ठेवली.

"वाच," त्या म्हणाल्या.

"काय वाचू?"

"कड्यातून काय दिसतंय ते वाच."

मृदुलाने वाकून पाहिले. "दसऱ्याची फाफडा-जलेबीची जाहिरात आहे, मॅडम."

"स्पष्ट दिसतेय?"

"हो."

"मग तू त्याला गप्प केलेलं नाहीस. मारलंयस. मेला म्हणून काच साफ दिसतेय. जिवंत असता तर दुधासारखा थर असता आणि अक्षर दिसलं नसतं. अर्क फार जाड झाला तुझा."

मृदुलाचा चेहरा उतरला. माझे म्हणाल तर त्या कड्यातले माझे काही लाख गेले होते. त्याचे दुःख करायला मी बसलो नाही, रोजच जातात. पण मॅडमच्या त्या वर्तमानपत्राबद्दल मला तेव्हापासून प्रेम वाटत आले आहे. गप्प बसलेला आणि मेलेला यांतला फरक पाहायची तसदी जगात फार थोडे जण घेतात.

मृदुला अर्क पातळ करत गेली. निम्मा, पाव, अष्टमांश. कधी मी मरे, कधी मी पूर्ण जांभळा होई आणि ती हिरमुसून प्लेट बाजूला सारी. तिकडे पायाची जखम वाढत होती. डॉक्टर आता घोट्याकडे बोट दाखवू लागले होते आणि जनार्दनराव रोज एकच विचारत होते, "तुझ्या टिकलीचं काय झालं?"

एका दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हते. मृदुलाने अर्काची छोटी बाटली उचलली, तिच्याभोवती रुमाल गुंडाळला आणि ती आपल्या पर्समध्ये ठेवली. मग दारापर्यंत गेली. दारापाशी बराच वेळ उभी राहिली आणि परत आली. ती फाफड्याची जाहिरात अजून टेबलावर पडली होती. तिने बाटली काढून जागेवर ठेवली आणि स्टुलावर बसून ओढणीने डोळे पुसले. जो अर्क प्लेटमध्ये आज मारतो आणि उद्या काहीच करत नाही, तो बापाच्या उघड्या मांसाला काय करील हे तिला ठाऊक नव्हते. तिचे बरोबर होते. पण बरोबर वागूनही माणसाला किती रडू येते, ते मी त्या दिवशी पाहिले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, तिने इन्क्युबेटर उघडला. प्लेट जांभळी होती आणि टिकलीभोवती पांढरे कडे होते. तिने प्लेट वर्तमानपत्रावर ठेवली. कड्यातून एक अक्षर दिसेना. मी तिथे होतो, मित्रांनो, कोटींनी होतो, धडधाकट होतो. चहूकडे माझे भाऊबंद हाक ऐकून रंगले होते आणि त्या कड्यात मला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हते. मॅडमनी पाहिले, हार्दिकने पाहिले. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास." त्यांच्या तोंडून हा शब्द वर्षातून एकदा निघे.

मृदुलाने हातमोजे न काढताच फोन लावला.

"बाबा! सिग्नल पडला!"



"पडला?" जनार्दनराव म्हणाले.

"हो बाबा, पडला! पूर्ण पडला!"

"नक्की? तू स्वतः पाहिलास?"

"मी पाहिला, मॅडमनी पाहिला, हार्दिकनी पाहिला."

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस." आणि फोन बंद झाला.

मृदुलाला वाटले, बातमी आईला सांगायला बाबांनी घाईने फोन ठेवला असेल. दुपारी कमलाताईंचा फोन आला. त्या दोघी काय बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवते.

"आम्ही दवाखान्यात आहोत ग. बाबांनी सही केली. उद्या सकाळी ऑपरेशन."

"काय? असं अचानक?"

"अचानक कसं? तूच सांगितलंस ने, सिग्नल पडला म्हणून! तुझा फोन झाल्यावर पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, कमले, रिक्षा बोलाव, आता थांबण्यात अर्थ नाही."

मृदुलाला काही कळेना आणि खरे सांगतो, मलाही कळेना. ती तशीच दवाखान्यात पळाली. दुसऱ्या दिवशी दोन बोटे काढली. पाय वाचला. आणखी आठ दिवस काढले असते तर गुडघ्यापर्यंत गेला असता, असे डॉक्टर म्हणाल्याचे तिने नंतर हार्दिकला सांगितले.

दोन महिन्यांनी जनार्दनराव काठी टेकत आमचा जिना चढून आले. एका पायात खास शिवून घेतलेली मऊ चप्पल होती. मॅडमनी त्यांना पांढरा कोट घातला, स्टुलावर बसवले आणि मृदुलाने तशाच पांढऱ्या कड्याची एक प्लेट त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या शनिवारी माझा प्रयोग जमला होता."

"जमला होता? तू तर म्हणालीस सिग्नल पडला."

"तेच ने! पडला म्हणजे बंद पडला. जीवाणूंचा सिग्नल आम्ही बंद पाडला."

जनार्दनरावांनी काठी भिंतीला टेकवली. मग उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला. "हे बघ. असा हात आडवा असला की गाडी थांबली." मग त्यांनी हात कोपरातून न वाकवता खाली सोडला. "आणि हा पडला. सिग्नल पडला म्हणजे रस्ता मोकळा, गाडी सुटली. सदतीस वर्षं हेच बघितलं ग मी. तू पडला म्हणालीस, मला वाटलं गेली त्या हिरव्याची गाडी. आता काही ती थांबत नाही. म्हटलं, पाय तरी वाचवू."

मृदुलाने प्लेट टेबलावर ठेवली. मग आधी हार्दिकला हसू फुटले, मग मॅडमना, मग बापलेकींना. जनार्दनराव हसता हसता थांबले आणि म्हणाले, "बरं झालं तुला रेल्वेची भाषा येत नाही. जमला म्हणाली असतीस, तर मी वाट बघत बसलो असतो."

"माहीत आहे बाबा," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवले. तिचे सगळ्या जन्माचे यश ज्या एका शब्दात होते तो शब्द चुकीचा ऐकला गेला, म्हणून तिचा बाप चालत तिच्याकडे आला होता. म्हाताऱ्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. दोन महिन्यांत तिला हे सांगायचा धीर का झाला नव्हता, हे त्यांनी विचारले नाही.

थोड्या वेळाने त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. "आणि हा पांढरा कोण?"

मृदुलाने सगळे सांगितले. हा ऐकतो पण बोलत नाही, हाक असेल तरच रंगतो, आमच्या कामात पांढरा राहिला तरच उपयोग.

"म्हणजे ह्याचा सिग्नल कायम आडवाच?" ते म्हणाले. "कधीच पाडत नाही तुम्ही?"

"कशाला पाडायचा बाबा?"

"अगं, आमचे जुने सिग्नलसुद्धा आम्ही महिन्यातून एकदा पाडून बघायचो. गाडी नसली तरी. नाहीतर गंजतात."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी रदबदली केली असेल तर ती या माणसाने. मृदुलाने मॅडमकडे पाहिले. मॅडम म्हणाल्या, "घाल एक प्लेट. टिकली नको." तिने मला पसरले, हाकेचे थेंब घातले आणि कसलाही अर्क न घालता झाकण लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दनराव हरणीहून रिक्षा करून पुन्हा आले. झाकण उघडले तेव्हा मी या काठापासून त्या काठापर्यंत जांभळा होतो. कुठे कडे नाही, कुठे पांढरा ठिपका नाही. त्या प्लेटचा कुणाला काही उपयोग नव्हता. ती फक्त माझी होती.

जनार्दनरावांनी वाकून प्लेट पाहिली. मग त्यांनी हात आडवा धरला आणि हळूच खाली सोडला. "गेली गाडी," ते म्हणाले.

जायच्या आधी त्यांनी मॅडमकडून एक चिकटचिठ्ठी मागून घेतली, खिशातले पेन काढले आणि रेल्वेत जन्मभर ज्या पाट्या लिहिल्या तशाच वळणदार अक्षरात लिहिले: 'चालू स्थितीत आहे. वापरात नसले तरी काढू नये.' ती चिठ्ठी त्यांनी स्वतः माझ्या डबीवर चिकटवली आणि अंगठ्याने चारही कोपरे दाबले.

त्यानंतर ते दोनतीनदा आले. प्रत्येक वेळी माझी एक प्लेट झाली. मग मृदुलाचे शिक्षण संपले आणि हिरड्याचे काम घेऊन ती दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत गेली. तो अर्क अजून औषध झालेला नाही. व्हायला वेळ लागेल, आणि तो लागलाच पाहिजे. कांचन मॅडम निवृत्त झाल्या. हार्दिकला नोकरी लागली. प्रयोगशाळेत नवे साक्षीदार आले. ते हाक ऐकली की अंधारात काजव्यासारखे चमकतात आणि यंत्र ती चमक मोजून आकडा देते. त्यांच्यापुढे माझ्या जांभळ्याचे कौतुक कोण करणार? मी खालच्या खणात गेलो. चिठ्ठीवर बर्फ चढत गेला. जनार्दनराव कसे आहेत मला ठाऊक नाही. फ्रीझरमध्ये बातम्या येत नाहीत. दार उघडले की आधी मी काठीचा आवाज येतो का ते ऐकतो. मग कुणीतरी वरच्या खणातली नळी काढते आणि दार बंद होते.

काल मात्र दार बराच वेळ उघडे राहिले. अवंती नावाची नवी मुलगी यादी करत होती. ती एकेक डबी काढत होती, नाव वाचत होती आणि वाचता न येणाऱ्या डब्या लाल टोपलीत ठेवत होती. माझी डबी हातात घेऊन तिने नखाने बर्फ खरवडला. "चालू स्थि..." एवढेच दिसले. "हे काय आहे?" ती स्वतःशीच म्हणाली. तेवढ्यात तिला कुणीतरी जेवायला बोलावले. तिने मला टोपलीत ठेवले नाही आणि खणातही ठेवले नाही. दोन्हींच्या मधे, फ्रीझरमधल्याच फळीच्या कडेवर ठेवून, दार लावून ती गेली.

मित्रांनो, मी तिथेच आहे. तुमच्यापैकी कुणी अवंतीला ओळखत असेल तर तिला बाकीचा बर्फ खरवडायला सांगा. पायाला जखम झाली तर ती मोज्यात लपवू नका आणि बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. नुसत्या ऐकणाऱ्यांची आठवण ठेवा. ते बोलत नाहीत म्हणून त्यांना काही नको आहे असे समजू नका. आणि मला फेकायचेच ठरले, तर त्याआधी एकदा प्लेटवर पसरा, एक रात्र ऊब द्या आणि खाली जुने वर्तमानपत्र धरा. अक्षर दिसणार नाही. मी गप्प आहे, मेलेलो नाही.

मग हाकेचा एक थेंब घाला आणि एकदा, एकदाच, माझा सिग्नल पाडा. जनार्दनराव म्हणत तसा.